घरगाडीची वाढीव वॉरंटी घ्यावी का? पैसे द्यायच्या आधी एवढं करून पाहा

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला, दादा मोटारहोम फायनल झाली, फक्त विकणारा माणूस म्हणून राहिला का एक्स्टेंडेड, म्हणजे पैसे भरून मुदत वाढवलेली वॉरंटी आत्ताच घ्या, उद्यापासून हा रेट नाही, काय करू. म्हटलं काहीच नको करू, त्याच्याकडून कागद माग, रंगीत फोटोवालं पान नाही, बारीक अक्षरवाला पूर्ण कागद, अन् तो घेऊन घरी ये.

आमच्याकडे चार वर्षांपासून अशी गाडी आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चेसिसवर, म्हणजे इंजिन-चाकांच्या खालच्या सांगाड्यावर बांधलेली, आत चार जणांची झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रीज, टपावर सोलर. हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यात ही गाडी उभी राहिली तेव्हा पोट्टे आत वाकून वाकून पाहायचे, त्यांनीच तिचं नाव घरगाडी पाडलं. शेगाव, चिखलदरा, लोणार, पंढरपूर, सगळं तिच्यातच झालं. भावाची गोष्ट थोडी वेगळी आहे, त्याचा ताडोब्याजवळ मोहर्लीकडे होमस्टे आहे अन् त्याला गाडी पाहुण्यांना भाड्यानं द्यायची आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामात येतो.

तर पहिली गोष्ट ही का काउंटरवर, हार-पेढे चालू असताना निर्णय घ्यायचाच नाही. गाडी कंपन्यांची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही घेता येते, उशीर केला तर रेट थोडा वाढतो किंवा आधी गाडी तपासून घेतात, एवढंच. म्हणून सरळ विचारायचं, घ्यायची शेवटची तारीख कोणती अन् किती किलोमीटरच्या आत. आजच घ्या म्हणणारा माणूस यावर गप्प बसला तर समजून जा घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

दुसरं, ते पैसे गाडीच्या लोनमध्ये घालू द्यायचे नाहीत. भावाला पॅकेज सांगितलं ५१ हजाराचं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे झाले ६०,१८०. तो माणूस म्हणे टेन्शन नका घेऊ, हप्त्यात टाकून देतो, महिन्याला तेराशेच वाढतात. आता तेराशे ऐकायला काहीच नाही, पण ११ टक्क्यानं पाच वर्षं फेडले तर ते साठाचे साडेअठ्ठ्याहत्तर हजार होतात, अन् वॉरंटी मात्र दोनच वर्षं वाढून राहिली. घ्यायचीच असेल तर रोख घ्या, नाही तर थांबा.

आता मुद्द्याचं. मोटारहोम ही एक वस्तू नाही, दोन आहेत. खाली गाडी आहे, वर घर आहे. खालचं इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर, सेन्सर हे चेसिस बनवणाऱ्या कंपनीचं. वरचं सगळं बॉडीवाल्याचं, म्हणजे घर बांधून देणाऱ्याचं, अन् त्यातही फ्रीज एका कंपनीचा, इन्व्हर्टर दुसऱ्या, बॅटरी तिसऱ्या, पाण्याचा पंप चौथ्या. प्रत्येकाची स्वतःची वॉरंटी असते अन् ती बॉडीवाल्याच्या फाइलमध्ये पडून असते, तुम्ही मागितल्याशिवाय तो देत नाही. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशीच प्रत्येक वस्तूचं बिल, वॉरंटी कार्ड अन् सिरीयल नंबर मागून घ्या. सोलर पॅनलवर तर वीज तयार करायची वॉरंटी बहुतेक २५ वर्षांची असते, अन् लोक त्याच पॅनलसाठी वाढीव दोन वर्षांचे पैसे देऊन राहिले! विकत घ्यायच्या आधी आपल्याकडे काय काय आहे हे मोजायला एक संध्याकाळ लागते, ती काढा.

अन् तारीख पाहा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चेसिस आधी बॉडीवाल्याकडे जातं, तिथं घर बांधायला चार-सहा महिने उभं राहतं, मग तुमच्या हाती येतं. चेसिसची वॉरंटी नेमकी कोणत्या दिवसापासून सुरू झाली, चेसिस विकलं त्या दिवसापासून का आरटीओत नोंदणी झाली त्या दिवसापासून, हे लेखी घ्या. आमचे पाच महिने गाडी घरी यायच्या आधीच खर्ची पडले होते. तसंच "पाच वर्षांची वॉरंटी" म्हटलं का त्यात मूळची तीन धरलेली असतात, म्हणजे तुम्ही विकत घेता ती दोनच. किलोमीटरचं पण तेच, दीड लाख किलोमीटर ऐकून छाती फुगते, पण घरगाडी वर्षाला पाच-सहा हजारच फिरते, बाकी वेळ झाडाखाली उभी. जे आधी संपेल ते, असं लिहिलेलं असतं, अन् आपलं कॅलेंडरच आधी संपतं.

भाऊ कागद घेऊन आला त्या रात्री आम्ही अंगणात खाट टाकून बसलो. माझी बायको शाळेत शिकवते, तिच्या हाती लाल पेन आला का ती कागद वाचत नाही, तपासते. आमच्या बाबांनी मधूनच विचारलं, "उंदरानं वायर खाल्ली त पैसे भेटते का याच्यात?" आम्ही हसलो. तिनं पान पलटवलं, दोन मिनिटांनी म्हणाली, "हे पाहा, उंदीर, कीटक, पक्षी, तिन्ही वगळले आहेत." बाबा म्हणाले, "मंग कायले घेतं रे हे." खरं सांगू का, अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. कागदावर काय काय मिळतं ते वाचायच्या आधी आपल्याकडे काय काय बिघडतं ते लिहून काढायचं, अन् मग एकेक ओळ कागदाला लावून पाहायची.

आमची चार वर्षांची वही मी काढली. गाडी चालवायचे हिशेब मी त्याच वहीत लिहितो ज्यात फवारणीचे लिहितो, त्यामुळे मधेमधे सोयाबीनच्या अळीचं औषध आहे, पण असो.

पहिल्याच मे महिन्यात फ्रीज बंद पडला. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पारा ४६-४७ ला टेकतो, गाडी उन्हात उभी, आतलं दूध फाटलं. फ्रीजवाल्यांचा माणूस फोनवर म्हणे वायरिंग आमचं नाही, बॉडीवाला म्हणे फ्रीज आमचा नाही. शेवटी गावातला कूलर अन् मोटर भरणारा पोरगा आला, त्यानं मीटर लावला, बॅटरीवर १२.६ व्होल्ट अन् फ्रीजच्या मागं १०.८. "भाऊ, फ्रीज चांगला हाय, वायर बारीक टाकली यायनं." जाड वायर ओढली, १,४०० रुपये, फ्रीज आजपर्यंत चालू. आता हे कोणत्या वॉरंटीत बसतं सांगा? भावाच्या कागदात स्पष्ट होतं, बसवण्यातली चूक धरणार नाही.

त्या पावसाळ्यात टपावरच्या पंख्याच्या खिडकीतून पाणी आलं. उन्हानं सीलंट तडकतं, मग श्रावणात झिरपतं, ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी प्लायवूड आधीच फुगलेलं असतं. ९,००० गेले. कागदात: पाणी शिरल्यामुळे झालेलं नुकसान वगळून. दिवाळीला गाडी गोडाऊनमध्ये सोयाबीनच्या पोत्यांच्या बाजूला लावली, म्हणजे उंदरांना ताट वाढून दिलं, साडेसहा हजार. वगळून. साधी लेड-ॲसिडची बॅटरी २२ महिन्यांत बसली, १४,०००. तिचं कारणही सांगतो, या बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात अन् त्याच्यावर साधारण दर १० अंशाला ते निम्मं होत जातं, आपल्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होत असेल ते तुम्हीच पाहा. बॅटरी पण वगळून, झिजणारा माल म्हणून. बोअरच्या खारट पाण्यानं पंप जाम झाला, ३,२००. खड्ड्यांनी पलंगाचे बिजागरे अन् ड्रॉवरचे लॉक तुटले, १,८००, तेही वगळून. सगळं मिळून ३५,९००.

त्यातला एकटा पंप त्या पॅकेजमध्ये बसत होता. पण प्रत्येक क्लेमला पहिले ५,००० आपले, अन् पंप ३,२०० चा. म्हणजे ६०,१८० भरून चार वर्षांत परत आले असते शून्य. बायकोनं वहीत शून्य काढून त्याला गोल केला.

पण थांबा, वहीत सातवी ओळ पण आहे. तिसऱ्या वर्षी डॅशबोर्डवर इंजिनचा लाइट लागला, गाडीचा पिकअप गेला, जाम गावाजवळ टपरीवर उभी केली. ही बीएस-सहा, म्हणजे धुराच्या कडक नियमातली डिझेल गाडी, १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या तशाच. धुराच्या नळीत फिल्टर, सेन्सर, युरियाची टाकी, हा युरिया शेतात टाकायचा नाही बरं, गाडीचा वेगळा येतो. आमच्या गावच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं, पाहिलं, परत लावलं, म्हणे भाऊ हे आपलं काम नाही, स्कॅनर लागते. नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातला विषारी वायू मोजणारा, गेला होता. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पार्ट अन् मजुरी धरून बिल पंचवीस हजाराच्या वर, मूळ वॉरंटीत होतो म्हणून आमच्या खिशातून काही गेलं नाही. तेव्हा माझं डोकं उघडलं. वरच्या घरातलं जवळपास सगळं गावात दुरुस्त होतं अन् हजारात होतं. खालच्या गाडीतलं जे बिघडतं ते गावात होत नाही अन् बिल एका झटक्यात येतं. इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यातला एक गेला तरी कापसाचे क्विंटल मोजावे लागतात.

म्हणून माझं मत असं झालं आहे, घराच्या भागाची वाढीव वॉरंटी घेऊ नका, गाडीच्या भागाची, अन् तीही चेसिस बनवणाऱ्या कंपनीचीच, बीएस-सहा डिझेल असेल तर घ्या. भावाला ती एकटी पॅकेजच्या साधारण निम्म्यात पडत होती. मात्र घ्यायच्या आधी चार गोष्टी तिथं पण विचारा. सेन्सर अन् धुराच्या नळीतला फिल्टर धरला आहे का, कारण काही योजनांत फक्त इंजिन-गिअरबॉक्सच असतं अन् मग काय उपयोग. वर घर बांधलं आहे हे त्यांना माहीत आहे का. क्लेमला एका वेळची अन् एकूण अशी काही वरची मर्यादा आहे का. गाडी बंद पडली तर उचलून न्यायचा खर्च किती किलोमीटरपर्यंत देतात.

हा शेवटचा प्रश्न शहरातल्या माणसाला छोटा वाटेल. आपल्याला नाही. तुमच्या घरापासून ज्या वर्कशॉपमध्ये ही वॉरंटी चालते ते किती लांब, हे मोजा. वर्धा, नागपूर, अमरावती ठीक आहे, पण गाडी धारणीच्या पुढे मेळघाटात नाहीतर भामरागडकडे बसली तर? बाकी टोइंग तुमच्याच माथी. अन् घराच्या भागाचं सर्व्हिस सेंटर पुण्याला किंवा दिल्लीकडे असेल तर फुकट पंपासाठी गाडी तिकडे नेणार आहात का? पार्ट कुरिअरनं पाठवून गावच्या माणसाकडून बसवायला परवानगी देता का, लेखी द्या म्हणा. समृद्धी झाली म्हणून नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर सरळ झालं खरं, पण डिझेल अन् टोल कोणी वॉरंटीत धरत नाही.

घर बांधल्यानं चेसिसची वॉरंटी जाते का, हे लोक फार विचारतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, अन् मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे आपल्या घरगाडीसाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. मंजुरी असलेल्या बॉडीवाल्याकडून बांधली असेल अन् आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन असंच लिहिलेलं असेल तर तुमची बाजू मजबूत. जुनी प्रवासी गाडी घेऊन गावात सुतार-वेल्डर लावून घर केलं असेल तर वॉरंटीवाल्याला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं, तिथं पैसे घालू नका, आधी आरसी नीट करा. पुढे कधी जास्तीचा इन्व्हर्टर, लाइट, हॉर्न लावायचा तर गाडीच्या मूळ वायरिंगला कट मारू देऊ नका, त्या एका चिकटपट्टीवर पूर्ण इलेक्ट्रिकलचा क्लेम उडतो.

भाड्यानं देणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. घरगुती वापराची वॉरंटी घेतली अन् गाडी पाहुण्यांना दिली तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो, नंबर प्लेट पण बोलते. भावाला म्हटलं, आधी परमिट, विमा अन् वॉरंटी तिन्हीवर वापर एकच लिहिलेला आहे का ते पाहा. व्यावसायिक वापराला वर्षं किंवा किलोमीटर कमी देतात, चालेल, पण खोटं लिहून जास्त घेऊ नको. अन् विमा म्हणजे वॉरंटी नाही हे पण, साधा मोटर विमा धडक, चोरी, आग, पूर यासाठी असतो, यंत्र आपोआप बिघडलं किंवा झिजलं तर तो देत नाही. दोन्हीच्या मधली दरी भरायलाच वाढीव वॉरंटी असते, फक्त ती दरी किती भरते हेच तर पाहायचं आहे.

सेकंड हँड घेत असाल तर आधीच्या मालकाची वाढीव वॉरंटी नावावर होते का ते सौदा व्हायच्या आधी विचारा. बहुतेक ठिकाणी होते, पण मुदत अन् फी असते, अन् त्याची एक जरी सर्व्हिस चुकली असेल तर नावावर होऊन पण उपयोग नाही. जुन्या गाडीला तिसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची वॉरंटी चिकटवून देतात, तिथं पाहा मागं विमा कंपनीचं नाव आहे का, पैसे कोण देणार हे कागदावर नावानिशी पाहिजे. फक्त डीलरचा शिक्का असेल तर तो डीलर तीन वर्षांनी तिथं असेल का, एवढा विचार करा.

घराच्या भागासाठी आम्ही काय करतो, तर बँकेत वेगळं खातं, महिन्याला १,५०० त्यात. दोन वर्षांत ३६,००० होतात, म्हणजे आमची चार वर्षांची सगळी तोडफोड त्यात निघते. नाही लागले तर पैसे आपलेच. शिस्त राहत नाही म्हणता? मग कापूस विकला का एकदाच टाका, आमच्या बाबांची पद्धत तीच. यातलेच थोडे आधीच खर्च केले तर पुढचं बिघडतच नाही, मार्च संपायच्या आत टपावरचं सीलंट पाहून घ्यायचं, उंदरासाठी बोनेटमध्ये जाळी, बॅटरीला हवा खेळायला जागा, पंपाच्या आधी फिल्टर.

अन् जे घेणार आहेत त्यांनी घेतल्यावर ती जिवंत ठेवायची. सर्व्हिस ठरल्या तारखेच्या किंवा किलोमीटरच्या आत अन् अधिकृत ठिकाणीच, बिल हातात. सोंगणी चालू होती म्हणून महिनाभर उशीर झाला हे कारण चालत नाही, मी सांगून पाहिलं आहे. बिघाड झाला का आधी फोटो-व्हिडिओ, मग फोन, अन् त्यांची परवानगी यायच्या आधी गावच्या मिस्त्रीला पाना लावू द्यायचा नाही, एकदा उघडलं का क्लेम गेला. लाइट लागलेला असताना घरापर्यंत तर जाऊ म्हणून गाडी पळवली अन् इंजिन गेलं, तर चालवत राहिलात म्हणून नाकारतात. थर्मल कागदावरची बिलं गाडीच्या उन्हात कोरी होऊन जातात, त्यांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा.

क्लेम खोट्या कारणानं नाकारला तर नकार लेखी मागा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याप्रमाणे कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखाच्या आत असेल तर फी नाही, अन् वाद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. गाडी धंद्याची असेल तर समोरचा म्हणेल तुम्ही ग्राहकच नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः मेहनत करून चालवणाऱ्याला कायद्यात सूट आहे, भावाला मी ते पान फोटो काढून दिलं.

भावानं त्या दिवशी पॅकेज घेतलं नाही. चेसिसच्या कंपनीची घ्यायची शेवटची तारीख अन् किलोमीटर विचारून आला, अन् दोन्ही आकडे घरगाडीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवले, तिथंच जिथं चहापत्तीचा डबा आहे.